यंत्राचा डोळा आणि उंसाची गाडी

गेल्या हिंवाळ्यांत परभणीस, आमच्या महाविद्यालयांत, एक व्याख्यान झालें. व्याख्याते पुण्याहून आले होते. वयानें तरुण, विद्येनें मोठे, आणि मोटारींस डोळे बसविण्याच्या उद्योगांत मुरलेले. पडद्यावर त्यांनीं एक चलच्चित्र दाखविलें. रुंद, स्वच्छ रस्त्यावरून मोटार चालली आहे. कांचेमागें बसविलेला कॅमेरा पुढचें सर्व पाहत आहे. आणि संगणक प्रत्येक वस्तूभोंवतीं रंगीत चौकट आंखून तिच्यावर नांव लिहीत आहे: ही मोटार, हा ट्रक, हा सायकलस्वार, हा पादचारी. चौकटी वस्तूंबरोबर हालत होत्या आणि आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे चौकटींबरोबर. शेवटीं वक्त्यांनीं आपला सिद्धांत सांगितला. दहांपैकीं नऊ अपघात माणसाच्या चुकीनें होतात. यंत्र थकत नाहीं, डुलकी घेत नाहीं, दारू पीत नाहीं. यास्तव माणसाच्या डोळ्याच्या जागीं यंत्राचा डोळा आला कीं अपघात संपले! टाळ्या झाल्या. आम्हींही वाजविल्या, पाहुण्यांचा मान राखणें हा आमच्या प्रांताचा जुना धर्म आहे.

तोंच मागच्या बांकावरून सोनपेठ तालुक्यांतला एक मुलगा उठला व त्यानें विचारलें, "सर, यांत उंसाची गाडी कशी दिसते?" सभागृहांत हंशा पिकला. वक्तेही हंसले, आणि म्हणाले कीं यंत्र शिकत असतें, उद्यां तेंही शिकेल. मुलगा खालीं बसला. हंसण्याचें कारण आम्हांस अद्यापि कळलेलें नाहीं. त्या सायंकाळीं जें जें बोललें गेलें त्यांत, आमच्या मतें, तो एकच प्रश्न खरोखर शास्त्रीय होता. आणि त्याचें उत्तर मिळालें नाहीं म्हणून हा लेख लिहिण्याचें प्रयोजन.

ज्या वाचकांनीं मराठवाड्यांतील गळिताचा हंगाम पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें वर्णन केलें पाहिजे. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी या गांवांवरून नांदेडकडे जातो. दिवाळी सरली कीं या रस्त्यावर आणि त्याला मिळणाऱ्या लहानमोठ्या सर्व रस्त्यांवर ऊंस उतरतो. एका ट्रॅक्टरामागें दोन दोन ट्रॉल्या. त्यांत ऊंस इतका रचलेला कीं दोन्ही बाजूंस आणि मागें त्याचीं टोकें बाहेर लोंबत असतात, आणि मागचा तांबडा दिवा मुळांत असलाच तर त्या टोकांआड गडप झालेला असतो. त्याखेरीज टायरगाड्या: मोटारीचीं रबरी चाकें, लांकडी साटा, दोन बैल, आणि मोळ्यांवर निजलेला गडी. कारखान्यावर नंबर लागावयाचा म्हणून हीं वाहनें रात्रींच निघतात. वाटेंत टायर फुटला, धुरा मोडला, तर ट्रॉली रस्त्यावरच सोडून ट्रॅक्टर दुरुस्तीस जातो, आणि मागें सावधगिरीची खूण म्हणून चार धोंडे व एक बाभळीची फांदी ठेवतो. ट्रॉली गेली तरी धोंडे राहतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा पाय ट्रॉलीनें नव्हे, अशाच मागें राहिलेल्या धोंड्यानें मोडला.

तीन वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी, पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षांतला, माघांतल्या रात्रीं आठाच्या सुमारास दुचाकीवरून गांवीं परतत असतां अशा उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर दिव्यांनीं त्याचे डोळे दिपले असावेत. प्रकाश थेट डोळ्यांत आला असतां त्याच्या आसपासचा काळोख अधिक काळा होतो, हें आम्हींच त्याला वर्गांत शिकविलें होतें. कागदपत्रांत त्याच्याविषयीं जें वाक्य आलें तें आम्हांस तोंडपाठ आहे, कारण त्याच्या वडिलांनीं तें आमच्याकडून तीन वेळां वाचून घेतलें: भरधाव व निष्काळजीपणें वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. वडिलांचा प्रश्न एवढाच होता कीं 'कारणीभूत' म्हणजे काय. आम्ही भाषेचे पंडित नाहीं. तथापि त्या दिवशीं आम्हांस प्रथमच असें वाटलें कीं तर्कशास्त्राचें एक प्रकरण या जिल्ह्यांतील रस्त्यावर नव्यानें लिहावें लागेल.

म्हणून 'दहांपैकीं नऊ अपघात माणसाच्या चुकीनें' या वाक्याचा आम्हांस आधीं समाचार घ्यावयाचा आहे. कारण सारी इमारत या एका पायावर उभी आहे. हें वाक्य कोठून आलें? अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्यानें २०१५ मध्यें एक टिपण प्रसिद्ध केलें. त्यांत तपासलेल्या अपघातांपैकीं ९४ टक्क्यांत 'निर्णायक कारण' चालकाकडे असल्याचें नमूद होतें. निर्णायक कारण म्हणजे घटनांच्या सांखळींतील शेवटची कडी. आणि या कडीला अपघाताचें कारण समजूं नये, तिनें दोष कोणाचा हेंही ठरत नाहीं, अशी सूचना त्याच टिपणांत स्पष्ट शब्दांत दिलेली होती. आंकडा जगभर फिरला. सूचना घरींच राहिली. आमच्याकडे तोच प्रकार निराळ्या सदरांत घडतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. पैकीं सुमारें ७१ टक्के मृत्यु 'अतिवेग' या सदराखालीं मांडलेले आहेत. वेग मारतो यांत शंका नाहीं. निसर्गाचा नियमच आहे. पण छापील तक्त्यांत 'उभ्या वाहनास दिवा नव्हता, तो कोणी लावावयास हवा होता' असें सदर कोठें आहे? जें सदर नाहीं त्यांत आंकडा पडत नाहीं, आणि ज्यास आंकडा नाहीं तें कारण अहवाल वाचणाऱ्याच्या लेखीं अस्तित्वांतच नसतें. स्वीडनच्या संसदेनें १९९७ मध्यें ठरविलें कीं माणूस चुकणारच हें धरून रस्ता बांधावा, आणि त्याच्या चुकीची शिक्षा मरण असूं नये याची जबाबदारी रस्ता व वाहतूक यांची रचना करणारांनींही घ्यावी. आमच्याकडे रचनाकारांची चूक मयताच्या नांवें खतावण्याची वहिवाट आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. उंसाची गाडी यंत्रास कशी दिसते?

आम्ही तीस वर्षें प्रकाश व भिंगें यांवर बोलत आलों आहों. तेव्हां येथें थोडें पाल्हाळ झाल्यास वाचकांनीं क्षमा करावी. कॅमेरा पाहत नाहीं. त्याच्या पडद्यावर प्रकाशाचे लक्षावधि ठिपके पडतात, आणि प्रत्येक ठिपक्यास उजेडाप्रमाणें एक आंकडा मिळतो. या आंकड्यांच्या राशींतून 'हा माणूस' असें म्हणण्याची कला संगणक उदाहरणांवरून शिकतो. माणसांनीं आधीं हजारों चित्रें समोर घेऊन, प्रत्येक वस्तूची कड हातानें आंखून, तिला नांव दिलेलें असतें. त्या चित्रांवर यंत्राची घोकणी होते. म्हणजे ज्यास 'यंत्राची दृष्टि' म्हणतात ती मुळांत चित्रें निवडणाऱ्या आणि नांवें ठेवणाऱ्या माणसांची दृष्टि असते. यंत्र ती अतिशय वेगानें आणि न थकतां पुन्हां पुन्हां वापरतें, एवढेंच. ज्या वस्तूस नामकरणाच्या दिवशीं कोणी नांव दिलें नाहीं ती त्यास दिसतच नाहीं असें नव्हे. पण ती दुसऱ्याच कोणत्या तरी नांवानें दिसते, किंवा क्षणांत एका आणि क्षणांत दुसऱ्या नांवानें दिसते. रस्त्यावर हा भेद जीवनमरणाचा आहे.

हा आमचा कल्पनाविलास नव्हे. १८ मार्च २०१८ रोजीं अमेरिकेंत ॲरिझोना संस्थानांतील टेंपी या गांवीं, रात्रीं, एक एकोणपन्नास वर्षांची स्त्री आपली सायकल हातांत धरून रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीची स्वयंचलित मोटार तिच्यावर आली. सरकारी चौकशींत असें निष्पन्न झालें कीं यंत्रानें तिला आघातापूर्वीं ५.६ सेकंद टिपलें होतें. परंतु तिला काय म्हणावें हें त्यास ठरवितां येईना. कधीं वाहन, कधीं अज्ञात वस्तु, कधीं सायकल. प्रत्येक नव्या नांवासरशीं तिची मागील हालचाल विसरली जाई आणि ती कोठें चालली आहे याचा हिशेब पुन्हां पहिल्यापासून सुरू होई. चालकाच्या जागीं बसलेल्या व्यक्तीचें लक्ष त्या वेळीं रस्त्यावर नव्हतें, हेंही खरें. पण चौकशींतील सर्वांत बोलकी गोष्ट ही कीं रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांखेरीज अन्यत्र माणूस पायीं रस्त्यावर असूं शकतो, ही कल्पनाच त्या यंत्राच्या रचनेंत धरलेली नव्हती. परभणी जिल्ह्यांत असे पट्टे किती आहेत? आषाढींत शेगांवहून श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपुरास निघते ती परभणी, गंगाखेड करीत याच रस्त्यांनीं जाते. तेव्हां शेंकडों वारकरी रस्त्याच्या कडेनें नव्हे, रस्त्यानें चालतात. आणि त्यांच्या वाटेवर मागाहून डांबर पडलें म्हणून ते अतिक्रमण करणारे ठरत नाहींत.

दुसरें उदाहरण किंचित् विनोदी आहे, पण आमच्या प्रश्नास अधिक जवळचें आहे. व्होल्व्हो कंपनीनें मोठीं जनावरें ओळखून गाडी थांबविणारें यंत्र स्वीडनमध्यें तयार केलें. तेथील मूस नामक सांबरावर तें उत्तम चाले. २०१७ मध्यें कंपनीच्या ऑस्ट्रेलियांतील अधिकाऱ्यांनीं कबूल केलें कीं कांगारूपुढें त्याची मति गुंग होते. कारण सोपें आहे. जनावर किती दूर आहे हें यंत्र जमिनीच्या आधारानें ठरवीत असे. कांगारू उडी मारून हवेंत असला कीं तो दूर भासे, जमिनीवर टेंकला कीं जवळ. आतां उंसाच्या ट्रॉलीचा विचार करा. पुढील वाहनाचें अंतर एकाच कॅमेऱ्यानें मोजण्याची एक प्रचलित रीत अशी कीं त्याचें चाक चित्रांत रस्त्यास कोठें टेंकलें आहे तें पाहावयाचें. आमच्या ट्रॉलीचें चाक उंसाआड असतें. आणि तें दिसलें तरी उंसाचीं टोकें त्याच्या बरीच मागें आलेलीं असतात. यंत्रानें मोजलेलें अंतर चाकापर्यंतचें, आणि मागून येणारा आदळावयाचा तो टोकांवर! सोनपेठच्या मुलाच्या प्रश्नांत हें सगळें होतें. तो हंसण्याचा विषय नव्हता.

चित्रांच्या संग्रहांविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेला आणि जगभर प्रमाण मानला गेलेला 'सिटीस्केप्स' हा संग्रह जर्मनी व तिच्या लगतच्या प्रदेशांतील ५० शहरांचा आहे, आणि त्यांतील चित्रें दिवसाउजेडीं, चांगल्या हवेंत घेतलेलीं आहेत. ज्यांनीं तो केला त्यांना दोष नाहीं. त्यांनीं आपलें घर पाहिलें. उणीव ओळखून हैदराबाद येथील ट्रिपल आय. टी. या संस्थेनें २०१८ मध्यें भारतीय रस्त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला: हैदराबाद, बंगळूर व त्यांच्या आसपासचीं सुमारें १०,००० चित्रें, आणि ३४ वर्ग. त्यांत ऑटोरिक्षाला स्वतःचें नांव मिळालें, जनावरास मिळालें, डांबराच्या कडेची वाहन जाऊं शकेल अशी माती हिलाही निराळी जागा मिळाली. हें काम आम्ही फार मोलाचें मानतों. तरी त्यांतही बैलगाडीस तिच्या नांवाचा वर्ग नाहीं. कोठेंच न बसणाऱ्या वाहनांसाठीं जो 'इतर' असा कोपरा ठेवला आहे त्यांत तिनें दाटीवाटीनें बसावयाचें. हैदराबादेहून परभणी फार दूर नाहीं, हें आमच्या वडीलधाऱ्यांस चांगलें ठाऊक होतें. तरी एवढें अंतर उरलेंच.

आणि रात्र? अमेरिकेंतील मोटारचालकांच्या 'ट्रिपल ए' या संस्थेनें २०१९ मध्यें चार नामांकित मोटारींची परीक्षा घेतली. रात्रीं पादचारी ओळखण्याच्या कामीं त्यांची यंत्रणा निरुपयोगी ठरली, असा तिचा निष्कर्ष होता. पुढें सुधारणा झाल्या आहेत, हें मान्य. परंतु २०२५ च्या जानेवारींत तेथील विमेदारांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेस असें आढळलें कीं माणसाच्या अंगावर परावर्तक पट्टे असले असतां, जे माणसाच्या डोळ्यास चटकन् दिसावे म्हणून लावतात, कांहीं मोटारींचें यंत्र उलट फसतें. हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण पुढें आम्ही परावर्तकांचीच वकिली करणार आहों, आणि आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. आमचें म्हणणें असें कीं मागून येणारा बहुतेक वेळां दुचाकीवरचा माणूसच असणार. त्याच्या कपाळीं जे दोन डोळे आहेत त्यांची सोय आधीं करावी, आणि यंत्रास आमच्या पट्ट्यांची ओळख करून द्यावी. यंत्र विद्यार्थी आहे. त्याच्या सोयीसाठीं वस्तुस्थितीनें बदलावें हा उलटा न्याय झाला.

येथें आमचे कांहीं स्नेही मान डोलावून म्हणतील, "आम्ही तेंच म्हणत होतों, हीं विलायती थेरं आपल्या रस्त्यांवर चालावयाचीं नाहींत." त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. हें वाक्य प्रत्येक नव्या गोष्टीविषयीं या प्रांतांत म्हटलें गेलें आहे आणि त्याची किंमत प्रांतानेंच मोजली आहे. यंत्राचा डोळा उपयोगी पडतो. नागपुरास २०२१ च्या सप्टेंबरांत 'आय-रास्ते' नांवाचा उपक्रम सुरू झाला. इंटेल कंपनी, हैदराबादच्या ट्रिपल आय. टी. मधील संशोधनकेंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका यांनीं मिळून शहरांतील बसगाड्यांवर कॅमेरे बसविले. समोर टक्कर होण्याचा संभव दिसतांच ते चालकास सावध करतात. पण त्यांतील खरी बुद्धिमत्ता, आमच्या दृष्टीनें, सावध करण्यांत नाहीं, नोंद ठेवण्यांत आहे. चालकास वारंवार दचकावें लागतें असें ठिकाण नकाशावर चढतें आणि तेथें माणूस मरण्यापूर्वीं दुरुस्ती करतां येते. एरवीं आमच्याकडे एखादें वळण धोक्याचें म्हणून मान्य होण्यास आधीं त्यानें पुरेसे बळी घ्यावे लागतात. मरणाऐवजीं दचकणें मोजावें, ही कल्पना ज्यास सुचली त्यास आम्ही मनापासून नमस्कार करतों.

तेव्हां भांडण यंत्राशीं नाहीं. तें कोठें लावतात, कोणाकडे तोंड करून लावतात, आणि कोणाच्या खर्चानें, याविषयीं आहे.

२०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन यंत्राच्या साहाय्यानें रस्त्यांवर नजर ठेवण्याची तरतूद झाली, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्यें तिचे नियम निघाले. अपघातप्रवण महामार्गांवर हीं यंत्रें असावींत असें त्यांत म्हटलें आहे. तसेंच १३२ शहरांची यादी दिली आहे, त्यांत महाराष्ट्रांतील १९. आमच्या शेजारचें जालना त्यांत आहे, लातूर आहे, परभणी नाहीं. हीं शहरें कशीं निवडलीं? एक तर दहा लाखांहून अधिक वस्ती, नाहीं तर जेथील हवा ठरलेल्या मानाहून अधिक दूषित. म्हणजे परभणीच्या चौकांत कॅमेरा यावयाचा असेल तर आम्हीं प्रथम धूर करावयास पाहिजे! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं ही म्हण ज्यानें केली त्याच्या डोळ्यांपुढें असेंच एखादें परिपत्रक असलें पाहिजे. महामार्गाचें कलम आहे, तेव्हां आज ना उद्यां कल्याण–निर्मल रस्त्यावरही कॅमेरे येतील. मुंबई–पुणे द्रुतगति मार्गावर २०२४ पासून ते आहेतच. वेग, पट्टा, मार्गिका यांचे दोष टिपतात आणि दंडाचा निरोप मालकाच्या खिशांतील दूरध्वनीवर येऊन पडतो. तेथें तें युक्त आहे. त्या रस्त्यावर बैलही नाहीं आणि वारकरीही नाहीं. पण तोच कॅमेरा तसाच उचलून मानवतच्या फाट्यावर टांगला तर काय दिसेल? दुचाकीवरच्या मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण नाहीं, हें दिसेल, दंड होईल, योग्यच होईल. परंतु क्रमांकाची पाटी उंसाखालीं गडप झालेली ट्रॉली त्याच कॅमेऱ्याखालून रात्रभर जाईल, आणि यंत्र तिला वाचूं शकणार नाहीं. ज्याची पाटी दिसते तो गुन्हेगार, ज्याची झांकली तो निर्दोष, असा हा नवा धर्मशास्त्राचा ग्रंथ होईल.

मोटारींत बसविण्याच्या यंत्रांविषयीं तर आणखीच स्पष्ट बोललें पाहिजे. २०२२ च्या त्याच अहवालांत मेलेल्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचे आणि ३२,८२५ पायीं चालणारे होते. मोटारी, टॅक्सी आदि हलक्या गाड्यांत बसलेल्यांचा वाटा आठव्या हिश्श्याच्या आसपास. यंत्राचा डोळा मात्र प्रथम महागड्या मोटारींत आला. त्यानें बाहेरचाही जीव वांचतो हें आम्ही नाकारीत नाहीं; पण मोटार घेणारा तो आपल्यासाठीं घेतो, आणि विक्रेताही त्याला तसाच विकतो. मार्गिका सोडल्याची सूचना देणारें यंत्र रस्त्यावरील पांढऱ्या रेषा पाहून चालतें. आमच्या जिल्हामार्गांवर रेषाच नाहींत, म्हणून तें मुकें बसतें. टकरीची सूचना देणारें यंत्र परभणीच्या बाजारांत इतक्या वेळां ओरडतें कीं चालक तें बंद करून टाकतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट यंत्राच्या बाबतींतही खरी ठरते. २०२५ च्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें मोठ्या प्रवासी गाड्या व ट्रक यांत आपोआप ब्रेक लावणारें आणि चालकास झोंपेतून सावध करणारें यंत्र सक्तीचें करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. पाऊल चांगलें आहे. ट्रॅक्टर त्यांत नाहीं.

मग आमचें मागणें काय? टीका करणारानें एवढें सांगितलेंच पाहिजे, नाहीं तर त्याची टीका म्हणजे चावडीवरची गप्प.

उंसाची प्रत्येक गाडी, टायरगाडी असो, ट्रॉली असो वा ट्रक असो, हंगामांत एका ठिकाणीं थांबतेच थांबते: कारखान्याच्या वजनकाट्यावर. तेथें ती स्थिर असते, तेथें दिवा असतो, तेथें तिचा क्रमांक व मालकाचें नांव लिहिलें जातें, आणि रिकामी होऊन परततांना ती तेथूनच जाते. यंत्रदृष्टीस याहून सोपी जागा त्रिभुवनांत सांपडणार नाहीं. कॅमेरा तेथें लावा, आणि त्याचें तोंड गाडीच्या पाठीकडे करा. मागें तांबडा परावर्तक आहे कीं नाहीं, दिवा लागतो कीं नाहीं, एवढे दोनच प्रश्न त्यास शिकवा. ज्या गाडीस दिवा नाहीं ती रिकामी बाहेर पडतांना तिला पट्टी लावूनच सोडावी. आणि ऊंस भरल्यावर ती पट्टी झांकली जाऊं नये म्हणून मोळ्यांच्या वर बांधतां येईल असा दुसरा परावर्तक गाडीवानाच्या हातीं द्यावा. खर्च गाडीवानाचा नव्हे, तोडणी-कामगाराचा तर नव्हेच. तो उचल घेऊन आलेला असतो आणि परततांना त्याच्या हातीं काय उरतें हें गंगाखेड–पालमकडच्या वाचकांस सांगावयास नको. खर्च कारखान्याचा, कारण ऊंस रात्रीं त्याच्यासाठीं धांवतो. दरवर्षीं साखर आयुक्तांकडून गळिताचा परवाना घ्यावा लागतो; त्याच्या अटींत ही एक अट घालण्यास कोणत्या यंत्रविद्येची अडचण आहे, तें आम्हांस कोणी तरी समजावून सांगावें.

शासनाची जी २०१९ ची दुरुस्ती दंडासाठीं इतकी प्रसिद्ध आहे तिच्यांतच आणखी एक कलम आहे, १९८-अ. तें मात्र फारसें कोणी उच्चारीत नाहीं. रस्त्याची आंखणी, बांधणी वा निगा ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें न झाल्यामुळें कोणी मेला किंवा अपंग झाला तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलाच्या वडिलांस हें कलम आम्हीं दाखविलें. ते म्हणाले, "सर, ट्रॉली रस्त्याची का कारखान्याची?" आम्ही निरुत्तर झालों. कायद्याची वाट जेथें संपते तेथेंच ती ट्रॉली उभी होती.

दुसरें मागणें एस. टी. विषयीं. नागपूरच्या बसगाड्यांवर जें केलें तें परभणी, पाथरी, गंगाखेड, जिंतूर या आगारांच्या रात्रींच्या गाड्यांवर एक हंगामभर करावें, आणि चालक कोठें कोठें दचकला त्याचा नकाशा जिल्हाधिकारी कचेरींत नव्हे, बसस्थानकाच्या भिंतीवर लावावा. एस. टी. च्या चालकांस तीं ठिकाणें आजही ठाऊक आहेत. त्यांच्या शब्दास पुरावा म्हणत नाहींत, इतकीच अडचण आहे; यंत्र बोललें तर म्हणतील.

पुण्याचे ते वक्ते हें वाचतील तर म्हणतील, म्हणजे शेवटीं तुम्हांसही यंत्रच हवें आहे! होय, हवें आहे. पण आम्हांस तें असें हवें कीं ज्यानें सोनपेठच्या मुलाचा प्रश्न आधीं ऐकला आहे.

त्या मुलानें आमच्या उत्तराची वाट पाहिली नाहीं. पौषापासून तो आणि त्याच्या वसतिगृहांतील चौघे सोबती आपापल्या दूरध्वनींतल्या कॅमेऱ्यांनीं रस्त्याच्या कडेस उभे राहून संध्याकाळच्या व रात्रींच्या गाड्यांचीं चित्रें घेत आहेत, आणि रविवारीं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत बसून एकेका चित्रावर रेषा आंखून नांवें देत आहेत. गेल्या रविवारीं आम्ही आंत गेलों तों कडाक्याचा वाद चालला होता. चित्रांत एक टायरगाडी होती. बैल पुढें, मोळ्यांवर गडी निजलेला, आणि गाडीच्या अंगास धरून, अंधारांत जेमतेम दिसणारी, एक बाई लेंकरूं कडेवर घेऊन चाललेली. एकाचें म्हणणें, संग्रहाच्या रीतीप्रमाणें बैल हें जनावर, गाडी हें 'इतर वाहन', गडी हा स्वार, बाई ही पादचारी; चार चौकटी. दुसरा म्हणे, चार चौकटी केल्या तर यंत्राला वाटेल हे चौघे योगायोगानें एकत्र आले. हें सगळें मिळून एकच आहे, त्याला एकच नांव हवें. काय नांव द्यावें यावर त्यांचें एकमत होईना. आम्हांस विचारलें, आम्हीं विचार करण्यास एक आठवडा मागून घेतला आहे.